फेस बसेपर्यंत

आमच्या शेजारचे तायडेकाका दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता बिअरचा एक ग्लास भरतात, समोर खुर्ची टाकून बसतात, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात आणि ग्लासाकडे बघत राहतात. पीत नाहीत. भरल्यावर हातसुद्धा लावत नाहीत. वरचा पांढरा फेस हळूहळू खाली बसतो, मधे एक भोक पडतं आणि त्या भोकातून खालची पिवळी बिअर दिसायला लागते. ती दिसली की काका वहीत एक आकडा लिहितात, ग्लास उचलून आमच्या दोन घरांमधल्या भिंतीशी येतात आणि हाक मारतात, "सतीशभाऊ, घ्या. झालं माहं."

सतीशभाऊ म्हणजे माझा नवरा. पाच वाजल्यापासून तो भिंतीच्या अलीकडे जास्वंदीला पाणी घालत उभा असतो. बाकीचे सहा दिवस त्या जास्वंदीला मीच पाणी घालते.

ही बिअर दुकानातली नाही. काका ती घरी करतात. अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत उन्हाळा लागला की सगळ्यांच्या गच्चीवर कुरड्या आणि पापड वाळत असतात, काकांच्या गच्चीवर जुन्या चादरीवर मोड आलेला गहू वाळत असतो. जव पार्सलने येतात, कसलीशी कडू फुलंही पार्सलने येतात. काका ते सगळं मोठ्या पातेल्यात उकळतात, गाळतात, थंड करतात, झाकणाच्या बादलीत खमीर घालून पंधरा दिवस ठेवून देतात, मग बाटल्या भरून आणखी तीन आठवडे. हे कायद्यात बसतं का, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "विकून नाई राहिलो ना ताई. अन् पिऊन बी नाई राहिलो." म्हणजे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

पीत नाहीत हे मात्र शंभर टक्के खरं. काका रोज सकाळी आंघोळ करून बुद्धाच्या मूर्तीसमोर बसतात आणि पंचशील म्हणतात, आणि पाचव्या शीलातलं मद्य म्हणजे त्यांच्या लेखी मद्यच, त्यात थेंबाचीही सूट नाही. सुरुवातीला कॉलनीत कुजबुज झाली की काकू गेल्यावर म्हाताऱ्याला लागली. खरं सांगते, त्या कुजबुजीत मीही होते. एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, "काका, विहारात कोणी विचारलं तर काय सांगाल?"

"औषध करून राहिलो म्हणीन," ते म्हणाले. "खोटं नाई ते."

कोणाचं औषध, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. मी आपली माझ्या फ्रिजच्या काळजीत होते. काकांच्या फ्रिजमधे बाटल्या मावेनात म्हणून त्यांनी माझ्या फ्रिजचा खालचा कप्पा मागून घेतला होता, आणि मे महिन्यात अमरावतीच्या बाईने शेजाऱ्याला फ्रिजचा कप्पा देणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही.

काकांची नोकरी अकोल्याच्या एका दूध शीतकरण केंद्रात झाली. तीस वर्षं त्यांचं एकच काम होतं, आलेल्या दुधाची फॅट मोजायची. नळीत दूध घ्यायचं, ॲसिड घालायचं, यंत्रात फिरवायचं आणि वर तरंगलेल्या चरबीचा आकडा वाचायचा. सरपंचाचं दूध असो की सख्ख्या मेव्हण्याचं, नळीत दिसला तो आकडा कागदावर. मेव्हण्याने सहा वर्षं बोलणं टाकलं. काका म्हणतात, "त्याच्या म्हशीनं बोलणं टाकाले पायजे होतं. पाणी त्यानं टाकलं, नाव तिचं गेलं." हे सांगताना ते हसत नाहीत. काका गंभीर माणूस आहे. अंगाने सुकलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली आणि डोळे कायम बारीक केलेले, जणू समोरच्या माणसाचीही रेषा कुठपर्यंत आली आहे ते वाचतोय.

आयुष्यभर फॅट शोधलेल्या या माणसाला म्हातारपणी कळलं की फेसाचा खरा वैरी फॅटच आहे. तेलाचा एक ठिपका फेसाला लागला की तो फेस गेला. तेव्हापासून "फॅट मारते" हे त्यांचं पालुपद झालं. माणूस असो की फेस, फॅट मारते. आमच्याकडे भाजी वाटीतून गेली की वाटी परत येताना निरोप यायचा, "तर्री लय होती. फॅट मारते." ग्लास ते साबणाने धुवत नाहीत, साबणही फेस मारतो म्हणे. खाण्याच्या सोड्याने घासायचा, कढत पाण्याने तीनदा विसळायचा, उपडा घालून आपोआप वाळू द्यायचा. पुसायचा नाही. मग आतून ओला करून वर बारीक मीठ भुरभुरायचं. जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेल.

ही परीक्षा त्यांनी स्वतःच्या घरापुरती ठेवली असती तर माझी काही हरकत नव्हती. एका रविवारी माझ्या माहेरची माणसं आली होती. काका सहज आले, मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, पाणी ओतून दिलं, टेबलावरची मिठाची डबी घेतली आणि माझ्या आईच्या, दोन वहिन्यांच्या देखत ग्लासात मीठ भुरभुरलं. "ताई," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या गिलासात फॅट हाये."

मी सात दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आठवा दिवस रविवार होता आणि नवऱ्याची फार कुचंबणा होत होती, म्हणून बोलले.

पुढे एकदा आमच्या सतीशरावांनी घोळ केला. काका त्या दिवशी फेसाला हात लावल्यावर तो किती टिकतो ते बघत होते. कापसाची काडी फेसात बुडवायची, काढायची, पुन्हा बुडवायची. त्यांनी सतीशला भिंतीपलीकडून बोलावलं आणि घड्याळ धरायला सांगितलं. हा खारे शेंगदाणे खात खात गेला. काकांची पाठ वळली तेव्हा याने काय करावं, बोट फेसात घालून चाटून पाहिलं. शेंगदाण्याचं बोट. बघता बघता फेसाला विवर पडलं आणि अर्ध्या मिनिटात सगळा ग्लास सपाट झाला.

काका ओरडले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. सतीश घाबरून मला बोलवायला आला. मी गेले तर काका म्हणत होते, "या खेपेले गहू वाढवला होता म्या. महिना गेला, ताई. त्याच्याजवळ महिने राहिले किती?"

तेव्हा बाबाराव गावंडे हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

बाबाराव त्याच केंद्रात दुधाचा टँकर चालवायचे. टँकर आणायचा बाबारावांनी, फॅट मोजायची काकांनी, आणि दोघांचं पटायचं कसं देव जाणे, पण पटलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी बाबाराव एक बिअर घ्यायचे, काका समोर लिंबू सोडा घेऊन बसायचे. असं तीस वर्षं. काकू गेल्या तेव्हा बाबाराव अकोल्याहून एक पिशवी घेऊन आले आणि महिनाभर इथेच राहिले. काकांना रोज पोळी करून घालायचे. टँकरवाल्याच्या पोळ्या कशा होत्या विचारलं तर काका म्हणाले, "कच्च्या. पण गरम राहत."

या बाबारावांना खर्ऱ्याचं, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचं व्यसन. दीड वर्षापूर्वी तोंडाचा कॅन्सर निघाला. जिभेचा बराच भाग गेला, जबड्याचा गेला, बोलणं गेलं. आता नाकातून नळी आहे, त्यातूनच सगळं अन्न जातं. गिळायची मनाई. डॉक्टरांनी फार आशा ठेवलेली नाही. एकदा काका भेटायला गेले तेव्हा बाबारावांनी पाटीवर लिहिलं की जिभेवर चव म्हणून काही राहिली नाही, एकदा बिअर पाहिजे. डॉक्टर म्हणाले, गिळू द्यायची नाही, पण फेस कापसाच्या काडीने ओठांना, जिभेला लावायला हरकत नाही.

"दुकानातली नेली होती पयले," काका म्हणाले. "तिचा फेस दोन मिनिटांत बसते. एवढ्या लांब जाऊन दोन मिनिटं? मंग म्हटलं, आपणच करू. फेस उभा राह्यला पायजे, बस. बाकी कशी का लागेना."

बाकी कशी लागते हे सतीशने कधीच सांगितलं नव्हतं, पण त्याचं तोंड बघून मला अंदाज होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात शेंगदाणे बंद झाले. फ्रिजचा दुसरा कप्पाही मी होऊन रिकामा केला. काकांनी गव्हाचं प्रमाण वाढवलं, फेस चार मिनिटांवरून सातवर आला. कडू फुलं थोडी जास्त उकळली, नऊ झाली. एप्रिलमधे खोली इतकी तापली की बादलीतलं खमीर बिघडलं, घरभर सडक्या केळ्यांचा वास सुटला आणि सगळं मोरीत गेलं. काकांनी कूलर स्वतःच्या खाटेसमोरून उचलून बादलीसमोर लावला आणि तो सगळा उन्हाळा ते उकाड्यात झोपले. बादली गारव्यात होती. पुढच्या खेपेला ग्लास किती तिरपा धरायचा, कधी सरळ करायचा, हे त्यांनी हात बसेपर्यंत पाण्यावर गिरवलं. एका रविवारी त्यांनी भिंतीवरून ग्लास दिला नाही, नुसते उभे राहिले. "चौदा," म्हणाले. सतीशने चक्क टाळ्या वाजवल्या. काकांनी वरची गुंडी सोडली. मी त्यांना तशा अवस्थेत तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दर गुरुवारी ते अकोल्याला जात. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारी परत. चौदा मिनिटांच्या बाटलीचा पहिला गुरुवार आला तेव्हा मला ऑफिसच्या कामाने अकोल्यालाच जायचं होतं. मी म्हटलं, "काका, माझ्या गाडीतून चला. बाटलीला एसटीचे धक्के काहून देता?" धक्क्यांचं त्यांना पटलं.

दुधाचे नमुने न्यायची त्यांची जुनी पेटी होती, तिच्यात बर्फ, बर्फात बाटली. ग्लास कोऱ्या कागदात गुंडाळून मांडीवर. मूर्तिजापूर गेलं तरी त्यांनी मांडी हलवली नाही. मी मधे चहाला थांबू का विचारलं, तर म्हणाले, "बाटली तापते." मी पहाटे उठून केलेले पराठे डब्यात होते. ते गाडी चालवता चालवता मी एकटीनेच खाल्ले.

बाबारावांचं घर जुन्या वस्तीत, दोन खोल्यांचं. त्यांची मुलगी रंजना नोकरी सोडून वडिलांजवळ राहिली आहे. बाबाराव पलंगावर उशांना टेकून बसले होते. मोठा हाडापेराचा माणूस, पण आता हाडंच राहिलेली. चेहऱ्याच्या खालच्या भागावर स्वच्छ धुतलेला पंचा गुंडाळला होता. वर दोन डोळे, आणि ते डोळे काकांना पाहून असे काही हसले की मला भिंतीकडे बघावं लागलं.

काकांनी कागद सोडून ग्लास स्टुलावर ठेवला आणि हात धुवायला मोरीत गेले. आणि इथे मी ते केलं. ग्लासाला कागदाचं एक पांढरं तूस चिकटलं होतं. लोकांच्या घरी ग्लासात तूस दिसलं की बाईचा हात काय करतो? मी पदराचं टोक आत घालून ग्लास छान फिरवून पुसला. काच लखलखली. वर्षभर मी त्या माणसाकडून सोडा, कढत पाणी, मीठ आणि फॅट ऐकत होते. आणि पराठ्याचे हात मी त्याच पदराला पुसले होते.

काकांनी बाटली उघडली, ग्लास तिरपा धरला, सरळ केला. फेस चार बोटं वर आला, दाट, सायीसारखा. बाबारावांनी हात जोडले. रंजनाने पंचा बाजूला केला आणि कापसाची काडी फेसात बुडवून त्यांच्या ओठांना लावली, मग आत जिभेला. बाबारावांनी डोळे मिटले. दुसरी काडी, तिसरी. मग त्यांनी मान हलवली, पुरे. एवढ्यानेच ते दमले होते. सगळं मिळून एक मिनिट झालं असेल.

काकांनी खुर्ची पलंगाला लावली, घड्याळ काढून स्टुलावर ठेवलं आणि बाबारावांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. दोघं फेसाकडे बघत बसले. मला वाटलं, आता झालं की, चाखणं तर संपलं. मग बाकीची तेरा मिनिटं कशाला?

फेस मधेच खचला. काका पुढे वाकले. एका बाजूने काचेपासून सुटला, मोठे मोठे बुडबुडे आले, फुटले, आणि तीन मिनिटांच्या आत मधोमध पिवळं दिसायला लागलं.

रंजना हळूच पुढे आली. "काका, बसला फेस," ती म्हणाली. "बस आता."

काका उठले. त्यांनी घड्याळ हातात चढवलं आणि पेटीचं झाकण लावलं.

मला काही कळेना. "अहो, आत्ता तर आलो आपण," मी म्हटलं. रंजनाने मला दाराशी घेतलं. हळू आवाजात सांगितलं, "बाबा काकांले उठूच देत नव्हते, ताई. पाटीवर लिहीत बसायचे, खिदळायचे, अन् मंग दोन दिवस ताप. डॉक्टर मले रागावले, भेट आटोपती ठेवा म्हणे. म्या घड्याळ लावून पायलं, बाबानं फेकून देलं. शेवटी बाबानंच लिहिलं, फेस हाये तोवर बसू दे याले. दोघांनी कबूल केलं. तवापासून फेस बसला की काका उठतात. एकदा बी मिनिटभर जास्त मांगितलं नाई त्यांनी."

गहू, कूलर, सोडा, मीठ, वर्षभराचे रविवार, सगळं या खुर्चीवर बसायला मिळावं म्हणून होतं. दोनाची चार, चाराची नऊ, नवाची चौदा. आणि आजची चौदा मिनिटं मी माझ्या पदराने पुसून टाकली होती. बाबारावांना किती गुरुवार उरले होते कोणास ठाऊक.

मी आत जाऊन सांगून टाकलं. "काका, माझी चूक आहे. मी ग्लास पुसला. पदराने. हा ग्लास हिशोबात धरू नका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. "जाऊ द्या ताई," ते म्हणाले. "बसला तो बसला. आकडा बदलता येत नाई." आणि बाबारावांकडे वळून म्हणाले, "येतो बे. पुढच्या गुरुवारी."

बाबाराव त्यांच्याकडे बघत नव्हते. स्टुलावर औषधाच्या बाटल्यांशेजारी एक चमचा होता. त्यांनी हात लांब केला, दोनदा हुकला, तिसऱ्यांदा चमचा सापडला. तो त्यांनी ग्लासात घातला आणि जोरात ढवळलं. बिअर स्टुलावर सांडली. खालून बुडबुड्यांचा लोट उठला आणि ग्लासात पुन्हा बोटभर फेस उभा राहिला.

काका दारातच थबकले. "हे काय करून राहिला बे?" त्यांचा आवाज चढला. "हे चालत नाई. हा फेस हिशोबात धरता येत नाई, बाबाराव. कबुलीत नव्हतं हे."

बाबारावांनी चमचा ठेवला, पाटी ओढली आणि दोन शब्द लिहून पाटी छातीवर धरली. "फेस हाये."

काकांनी रंजनाकडे पाहिलं. रंजनाने ग्लासाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. त्यांचा श्वास लागला होता आणि डोळे लकाकत होते. ती डोळ्यांना ओढणी लावत म्हणाली, "हाये तर खरा, काका. बसा तुमी. मी चहा ठेवते." आणि ती आत गेली.

काका बसले. वरची गुंडी लावलेली, पाठ ताठ, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. दोघंही ग्लासाकडे बघत राहिले. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. हा फेस कच्चा होता, मिनिटभरातच विरायला लागला आणि मधे पिवळं दिसलं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनाही ते दिसलं होतं. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली, स्टुलावरचा चमचा उचलला आणि बाबारावांच्या हातात दिला.